जुने वेस्टर्न सिनेमे आणि त्यातली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना जमवून घरीच जुने वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि इंडियनांचे अमेरिकन सिनेमे, दाखवतो. भिंतीवर प्रोजेक्टर, दहा-बारा माणसं, मध्यंतरात चहा. सिनेमा संपला की आधी घोडे आणि लाल खडक यांचं कौतुक होतं. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणतं, "पण ते इंडियन जे दाखवलेत ना..." आणि दुसऱ्यांदा केलेला चहा निवून जातो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. 'जुने' म्हणजे इथे ढोबळमानाने १९३९ ते १९७६, पण मागेपुढे जावं लागलं तिथे गेलो आहे.

'रेड इंडियन' म्हणायचं की नाही?

नको. 'रेड' कातडीवरून आलं आणि 'इंडियन' कोलंबसाच्या चुकीच्या नकाशावरून. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी तो शब्द आपल्या तोंडी बसवला, त्यामुळे चटकन सुटत नाही हे खरं. गंमत म्हणजे तिथले बरेच लोक स्वतःला आजही बिनदिक्कत 'इंडियन' म्हणवतात, सरकारी खात्याच्या नावातही तोच शब्द आहे. सगळ्यात बरं म्हणजे जमातीचं नाव घ्यावं: नवाहो, अपाची, कोमांची, लकोटा. मी खाली एकत्रित उल्लेखासाठी 'मूलनिवासी' लिहिलंय. सिनेमाने तयार केलेला पिसंवाला माणूस म्हणायचा असेल तिथे 'इंडियन'.

सगळे इंडियन पिसांचे टोप घालून घोड्यावर किंचाळतच का येतात?

कारण सिनेमाच्या आधी सर्कस होती. बफेलो बिल कोडीने १८८३ मध्ये 'वाइल्ड वेस्ट' नावाचा फिरता तमाशा सुरू केला. रिंगणात घोडागाडी यायची, तिच्यावर इंडियन तुटून पडायचे आणि ऐनवेळी बिल येऊन सगळ्यांना सोडवायचा. त्यात काम करणारे बरेचसे मूलनिवासी लकोटा होते. १८८५ च्या हंगामात तर लकोटांचा पुढारी खुद्द सिटिंग बुल त्या तमाशाबरोबर फिरला. वुंडेड नी इथे सैन्याने लकोटांचा संहार केला तो डिसेंबर १८९० मध्ये. म्हणजे मैदानावर खरी माणसं मरत होती तेव्हाच शहरात त्याच लढाईची तिकिटं विकली जात होती.

सिनेमाने हे रिंगण जसंच्या तसं उचललं. गवताळ मैदानी प्रदेशातल्या लोकांचा पेहराव मग वाळवंटातल्या अपाचींच्या अंगावरही चढला. उद्या कोणी कोळ्याला फेटा आणि धनगराला लुंगी घालून 'हे महाराष्ट्रीय' म्हणून दाखवलं तर आपण जसं हसू, तसं ते लोक हसतात. काही जण हसतही नाहीत.

पडद्यावर दिसतात ते खरे मूलनिवासी असतात का?

गर्दीतले बरेचदा खरे, नाव असलेले बहुधा खोटे. या एका वाक्यात निम्म्या प्रश्नांची उत्तरं येतात.

दिग्दर्शक जॉन फोर्डने 'स्टेजकोच' (१९३९) पासून ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत कॅमेरा लावला. ती नवाहोंची जमीन. तिथे व्यापारी ठाणं चालवणारा हॅरी गोल्डिंग मंदीच्या दिवसांत हॉलिवूडला गेला आणि फोटो दाखवून त्याने युनिटला तिकडे ओढून आणलं, कारण नवाहोंच्या हाताला काम नव्हतं. काम मिळालं. मग पुढची पंचवीस वर्षं नवाहो माणूस कधी अपाची झाला, कधी कोमांची, कधी शायॅन. पण तो क्वचितच नवाहो झाला आणि श्रेयनामावलीत तर जवळजवळ कधीच आला नाही.

टोळीच्या नायकाची जागा मात्र स्टुडिओतून भरली जायची. 'फोर्ट अपाची' (१९४८) मधला कोचीज मेक्सिकन नट मिगेल इनक्लान. 'द सर्चर्स' (१९५६) मधला कोमांची नायक स्कार म्हणजे बर्लिनमध्ये जन्मलेला, निळ्या डोळ्यांचा हेन्री ब्रँडन. 'स्टेजकोच'मधला तो सुप्रसिद्ध 'अपाची', जो धावत्या घोड्यांवर उडी मारतो आणि गोळी लागून गाडीखालून सरपटत जातो, तो याकिमा कनट हा गोरा रोडिओपटू, म्हणजे घोडा-बैलांच्या कसरतींचा खेळाडू. याकिमा हे एका जमातीचंही नाव, पण नावावरून फसू नका.

म्हणून मला 'जुन्या वेस्टर्नमध्ये हे लोक नव्हतेच' ही तक्रार पटत नाही. ते होतेच, डोळ्यांसमोर, फ्रेमच्या मधोमध. फक्त बोलायची पाळी आली की दिग्दर्शक दुसऱ्याकडे बघायचा.

मोठ्या भूमिका गोऱ्यांनाच का देत?

नेहमीचं उत्तर म्हणजे गल्ला. स्टुडिओकडे पगारी नट असत, त्यांना वर्षाला ठरावीक सिनेमे द्यावे लागत आणि पोस्टरवर ओळखीचा चेहरा लागे. म्हणून बर्ट लँकेस्टर 'अपाची' (१९५४) मध्ये अपाची, रॉक हडसन कोचीजचा मुलगा, ऑड्री हेपबर्न 'द अनफरगिव्हन' (१९६०) मध्ये कायोवा. ऑड्री हेपबर्न! मी ते दोनदा बघितलं, दोन्ही वेळा विश्वास बसला नाही.

पण नुसता गल्ला म्हणून विषय सोडवत नाही. 'ब्रोकन ॲरो' (१९५०) बघा. अपाचींना माणूस म्हणून दाखवणारा सिनेमा म्हणून त्याची वाखाणणी झाली आणि ती काही अंशी रास्तही आहे. सुरुवातीलाच जेम्स स्टुअर्टचा आवाज सांगतो की अपाची बोलतील तेव्हा तुम्हाला कळावं म्हणून ते आपल्याच भाषेत बोलतील. कोचीज झालाय ब्रुकलिनचा जेफ चँडलर. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. आणि खरा मूलनिवासी नट जे सिल्व्हरहील्स, कॅनडातला मोहॉक, त्याला कोणती भूमिका? जेरोनिमो. तह धुडकावून निघून जाणारा. म्हणजे समजूतदार अपाची गोरा, हट्टी अपाची खरा. हे कोणी बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. न ठरवता झालं, हेच तर वाईट.

नायकाची अपाची बायको शेवटी मरते, हेही लक्षात ठेवा. १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना उघड बंदी होती. मूलनिवासींचं नाव त्यात नव्हतं, पण रिवाज तोच पडला: लग्न झालं तर बायकोने शेवटच्या रिळापर्यंत जगायचं नाही.

नवाहोंनी संवादांच्या नावाखाली चावट विनोद केले होते म्हणे?

'शायॅन ऑटम' (१९६४) ची ही गोष्ट. १८७८ मध्ये उत्तरेकडचे शायॅन रखरखीत राखीव प्रदेशातून पायी आपल्या मुलखाकडे निघाले, त्यावर हा फोर्डचा शेवटचा वेस्टर्न. इंडियनांशी लढलेल्या कस्टर या सेनाधिकाऱ्यापेक्षा जास्त इंडियन आपण मारलेत, असं फोर्ड स्वतःच म्हणायचा. हा सिनेमा त्याचं प्रायश्चित्त. त्या प्रायश्चित्तात प्रमुख शायॅन कोण? रिकार्दो मोन्ताल्बान, गिल्बर्ट रोलंड, डोलोरेस देल रिओ आणि इटालियन वंशाचा साल मिनिओ. बाकीचे शायॅन नवाहो. ते बोलतात नवाहो भाषा, कारण सेटवर शायॅन कोणाला येत होती?

गंभीर चेहऱ्याने ते जे बोलतात त्यात अधूनमधून गोऱ्या अधिकाऱ्यांबद्दल बरंच काही अचकट-विचकट आहे, अशी आठवण नवाहो लोक आवडीने सांगतात. भलत्याच ठिकाणी नवाहो प्रेक्षक खो-खो हसायचे म्हणे. अडीच तासांच्या आसपासच्या त्या सिनेमात मूलनिवासींना स्वतःचं असं काही बोलायला मिळालं असेल तर ते एवढंच.

'त्या काळी कोणाला यात काही गैर वाटत नव्हतं', हे खरं ना?

नाही. हा प्रश्न दर वेळी येतो आणि माझा आवाज दर वेळी चढतो.

१९११ मध्येच काही जमातींच्या लोकांनी सिनेमातल्या आपल्या चित्रणाविरुद्ध वॉशिंग्टनपर्यंत तक्रारी नेल्या होत्या. १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने मेक्सिकन लोकांना सरसकट दरोडेखोर दाखवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सिनेमांवर बंदी घातली. हॉलिवूडला पत्ता नव्हता असं नाही, पत्र पोचलं होतं.

शिवाय वेगळं करून दाखवणारेही होते. १९१० च्या सुमाराला जेम्स यंग डिअर हा मूलनिवासी म्हणून ओळखला जाणारा माणूस पाथे कंपनीसाठी सिनेमे बनवत होता. त्याचा 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आहे. त्याची बायको लिलियन सेंट सिर, हो-चंक जमातीची, पडद्यावरचं नाव रेड विंग. सेसिल डी'मिलच्या १९१४ च्या पहिल्या सिनेमाची ती नायिका. (तीही शेवटी मरते. आत्महत्या.) आणि १९२० मध्ये ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांत तीनेकशे कायोवा आणि कोमांची लोकांना घेऊन 'द डॉटर ऑफ डॉन' हा मूकपट बनला. दिग्दर्शक गोरा, पण पडद्यावर एकही गोरा नाही. कपडे, तंबू, हत्यारं लोकांनी आपापल्या घरून आणलेली. प्रेमाचा त्रिकोण आहे, अगदी साधा. तो सिनेमा हरवला होता. पुढे एका खासगी गुप्तहेराला फीच्या बदल्यात त्याची रिळं मिळाली आणि २०१२ मध्ये तो पुन्हा दाखवला गेला. तेव्हा 'कळत नव्हतं' म्हणू नका, 'ऐकायचं नव्हतं' म्हणा.

'द सर्चर्स' हा सिनेमा वर्णद्वेषी आहे की वर्णद्वेषाबद्दल आहे?

दोन्ही, आणि त्यामुळेच तो मी दर वर्षी लावतो.

ईथन एडवर्ड्स (जॉन वेन) कोमांचींनी पळवलेल्या पुतणीला पाच वर्षं शोधतो. हळूहळू आपल्या लक्षात येतं की ती सापडली तर तो तिला घरी नेणार नाही, गोळी घालणार आहे, कारण ती आता 'त्यांची' झाली. मेलेल्या कोमांचीचे डोळे तो गोळ्या घालून फोडतो, म्हणजे त्याला परलोकाची वाट दिसू नये. ही श्रद्धा त्याला ठाऊक आहे, ते लक्षात घ्या. द्वेष अज्ञानातून येतो असं आपण सहज म्हणून टाकतो. ईथनला कोमांची भाषा येते, रिवाज माहीत आहेत, तो जाणकार आहे. स्कारशी त्याची गाठ पडते तेव्हा ईथन त्याला म्हणतो, तू आमची भाषा बरी बोलतोस, कोणी शिकवली? स्कार थोड्या वेळाने तोच टोला परत करतो. आणि स्कार सांगतो की त्याचे दोन मुलगे गोऱ्यांनी मारले. आरशात बघितल्यासारखा प्रसंग आहे.

एवढं समजणारा दिग्दर्शक फोर्ड त्याच सिनेमात 'लुक' नावाच्या कोमांची बाईला निव्वळ हशासाठी वापरतो. ईथनचा तरुण साथीदार मार्टिन स्वतःच्या नकळत सौद्यात तिला 'विकत घेतो', मग लाथ मारून उतारावरून गडगडवतो आणि प्रेक्षकाने हसायचं अशी अपेक्षा आहे. पुढे ती घोडदळाने उद्ध्वस्त केलेल्या छावणीत मेलेली सापडते, तेव्हा सिनेमाही गप्प होतो. पण तोवर आपण हसलेले असतो. आमच्याकडे एकदा एक काकू म्हणाल्या, "मघाशी हसले त्याची आता लाज वाटतेय." समीक्षकांनी या सिनेमावर पुष्कळ लिहिलंय, पण काकूंच्या पुढे कोणी गेलेलं मला माहीत नाही.

आता यामागची खरी घटना. १८३६ मध्ये टेक्सासातून सिंथिया ॲन पार्कर ही नऊ-दहा वर्षांची मुलगी कोमांचींनी नेली. ती तिथेच वाढली, लग्न केलं, मुलं झाली. १८६० मध्ये तिची 'सुटका' झाली, पण गोऱ्या नातेवाइकांत ती कधीच रमली नाही. तिचा मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा मोठा पुढारी झाला. आणि क्वानाची दोन मुलं, म्हणजे सिंथियाची नातवंडं, वर सांगितलेल्या १९२० च्या मूकपटात आहेत. म्हणजे ज्या घराण्याच्या गोष्टीवरून पुढे बर्लिनच्या नटाला कोमांची करून सिनेमा बनला, त्या घराण्यातली माणसं छत्तीस वर्षं आधी स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन गेली होती.

काळे काउबॉय खरंच होते का, की आताची फॅशन आहे?

होते, आणि भरपूर. साधारण चारातला एक, असा अंदाज इतिहासकार देतात. नेमक्या आकड्यावर वाद आहे, असण्यावर नाही. यादवी युद्ध १८६५ ला संपलं, गुलामगिरी गेली आणि टेक्सासात गुरं हाकणं हे मुक्त झालेल्या माणसाला मिळणारं रोजगाराचं काम होतं. नॅट लव्हने १९०७ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. बास रीव्ह्ज गुलाम म्हणून जन्मला आणि पुढे फेडरल डेप्युटी मार्शल झाला. (लोन रेंजर हा गाजलेला काल्पनिक नायक त्याच्यावरून बेतला, असं व्हॉट्सॲपवर फिरतं; त्याला पुरावा नाही.) बिल पिकेटने बैलाला शिंगांना धरून लोळवण्याचा प्रकार रोडिओत रूढ केला आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मूकपटातही झळकला. लष्करात १८६६ पासून नवव्या आणि दहाव्या घोडदळात सगळे शिपाई काळे होते.

ही माणसं हॉलिवूडला दिसली नाहीत, पण पुण्यात बसून त्यांच्या सुटकेची दखल घेतली गेली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. साल बघा: काउबॉयच्या गोष्टी ज्या काळात घडतात, तोच काळ.

काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळे वेस्टर्न मात्र बनत. हर्ब जेफ्रीज, जो पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गायला, १९३७ च्या 'हार्लेम ऑन द प्रेअरी'पासून गाणारा काउबॉय होता. स्वस्तात, घाईत बनलेले सिनेमे; पण नायक, खलनायक, नायिका, सगळे काळे, आणि थिएटरही बहुधा वेगळं.

वुडी स्ट्रोडचं नाव तुम्ही सारखं घेता. कोण हा?

सहा फूट चार इंच उंच अमेरिकन फुटबॉलपटू. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून तो आणि केनी वॉशिंग्टन खेळले तेव्हा व्यावसायिक फुटबॉलमधली काळ्यांवरची अघोषित बंदी मोडली. फोर्डने त्याला 'सार्जंट रटलेज' (१९६०) दिला. नवव्या घोडदळातला काळा सार्जंट, बलात्कार आणि खुनाचा खोटा आरोप, लष्करी खटला. सिनेमाचं नावच त्याच्या पात्राचं, पण श्रेयनामावलीत पहिलं नाव जेफ्री हंटरचं. पुढच्याच वर्षी फोर्डने त्याला दुसऱ्या सिनेमात कोमांची केलं. काळा माणूस काय, कोमांची काय, एकाच कपाटातले कपडे.

'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मध्ये तो जॉन वेनचा गडी पॉम्पी आहे. त्यात वर्गातला एक प्रसंग आहे. पॉम्पीला स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून दाखवायचाय, आणि 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' याच ठिकाणी तो अडखळतो. आठवत होतं हो, विसरलो, म्हणतो. मास्तर झालेला जेम्स स्टुअर्ट म्हणतो, बरेच लोक ते वाक्य विसरतात. मग गावात मतदानाची सभा भरते, तेव्हा पॉम्पी बाहेर बसलेला. कोणी त्यावर चकार शब्द काढत नाही. हे फोर्डने मुद्दाम केलं की सवयीने, यावर आमच्याकडे भांडणं झालीत. मी 'मुद्दाम'च्या बाजूचा.

आणखी सहा वर्षांनी इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने त्याला 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या सुरुवातीला स्टेशनवर उभं केलं. टक्कल, त्यावर ठिपकणारं पाणी, तो हॅट घालतो आणि पाणी हॅटच्या कडेत साठू देतो. संवाद नाही. काही मिनिटांत मरतोही. तरी तो सिनेमा बघितलेला कोणीही त्याला विसरत नाही.

मेक्सिकन म्हणजे डाकू नाहीतर झोपाळू, असंच का?

आधी एक हिशेब. लॅसो, रँच, रोडिओ, लॅरिएट, मस्टँग, चॅप्स: काउबॉयचा अख्खा शब्दकोश स्पॅनिशमधून आलाय, कारण धंदाच मेक्सिकन 'वाकेरो'कडून, म्हणजे गुराख्याकडून आला. टेक्सास आणि कॅलिफोर्निया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेक्सिकोचेच होते. ज्याच्याकडून शिकलो त्यालाच पाहुणा करून टाकायचं, ही वेस्टर्नची जुनी हातचलाखी.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) कुरोसावाच्या सात सामुरायांवरून बनला आणि मेक्सिकोत चित्रित झाला. आधीच्या एका अमेरिकन सिनेमाने मेक्सिकन लोक दुखावले होते, म्हणून सरकारी सेन्सॉर सेटवर हजर. परिणाम दोन. गावकरी मुळात बंदुका विकत घ्यायला येतात, गोरे रक्षक भाड्याने घ्यायला नाही. आणि शेतात राबणाऱ्या त्या गावकऱ्यांचे पांढरे कपडे शेवटपर्यंत धोब्याकडून आत्ताच आल्यासारखे! मळलेला मेक्सिकन नको म्हणून अजिबात न मळणारा मेक्सिकन. डाकू मात्र एली वॉलक, ब्रुकलिनचा; आणि तरुण मेक्सिकन चिको म्हणजे जर्मन नट होर्स्ट बुखहोल्ट्स. त्या सिनेमात एक मूलनिवासीही आहे. तो शवपेटीत आहे. गावच्या स्मशानात त्याला पुरू देत नाहीत, म्हणून दोन नायक गाडी हाकत तिथवर नेतात. प्रसंग उत्तम आहे, पण मेल्याशिवाय त्याला प्रवेश नाही.

केटी हुरादो मात्र जरूर बघा. 'हाय नून' (१९५२) मधली हेलन रामिरेझ गावात स्वतःचा व्यवसाय चालवते, पैसा राखून आहे, पण दुकानातली तिची भागीदारी उघड करायची सोय नाही. गॅरी कूपरशी ती दोन-चार शब्द स्पॅनिशमध्ये बोलते. त्यांचं जुनं नातं त्या चार शब्दांत कळतं. या गावात मेक्सिकन बाई म्हणून राहणं काय असतं हे ती नायिकेला तोंडावर सुनावते. ग्रेस केली तिच्यासमोर शाळकरी पोर वाटते. त्या भूमिकेबद्दल हुरादोला गोल्डन ग्लोब मिळालं.

चिनी?

स्वयंपाकी किंवा कपडे धुणारा, आणि तोही विनोदी. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा डोंगराळ, सुरुंगांचा भाग हजारो चिनी मजुरांनी बांधला. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरीत पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ जुळले, त्या प्रसिद्ध छायाचित्रात ते शोधून सापडत नाहीत. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. सिनेमा त्या छायाचित्रासारखाच निघाला.

आणि बायका?

यावर वेगळं लिहायला हवं. साचा दोनच खणांचा: शाळामास्तरीण आणि सलूनवाली. पण पन्नाशीच्या दशकात काही अजब सिनेमे आले. 'जॉनी गिटार' (१९५४) चं नाव पुरुषाचं, पण जुगारखान्याची मालकीण जोन क्रॉफर्ड, तिची वैरीण मर्सिडीज मॅकेंब्रिज आणि शेवटचा गोळीबारही या दोघींमध्ये. जॉनी बाजूला उभा. बार्बरा स्टॅनविक 'फोर्टी गन्स' (१९५७) मध्ये चाळीस स्वारांच्या पुढे पांढऱ्या घोड्यावरून येते. १८६२ च्या कायद्याने अविवाहित बाईलाही सरकारी जमिनीवर दावा सांगता येत होता, आणि वायोमिंगने १८६९ मध्ये बायकांना मत दिलं. हे मात्र मी बघितलेल्या एकाही जुन्या वेस्टर्नमध्ये नाही.

आपले, म्हणजे भारतातले इंडियन, तिथे नव्हते का?

वेस्टर्नच्या काळात जवळपास नाहीत. पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात पोचले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यातल्या काहींनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. त्यावर सिनेमा काढावा कोणीतरी.

'मॅकेनाज गोल्ड'बद्दल काही वाईट बोलू नका. चालेल?

प्रयत्न करतो. १९६९ चा हा सिनेमा अमेरिकेत फारसा चालला नाही आणि आपल्याकडे मात्र वेड लागल्यासारखा चालला. आमच्या घरात वडील त्यातलं गिधाडाचं गाणं गुणगुणायचे, शब्द एकही बरोबर नसायचा. त्यात मेक्सिकन डाकू कोलोराडो झालाय इजिप्तचा ओमर शरीफ. अपाची हेश-के म्हणजे जुली न्यूमार, हचिता म्हणजे टेड कॅसिडी, म्हातारा अपाची म्हणजे इटलीचा एदुआर्दो चानेल्ली. या तिघांपैकी एकही अपाची नाही. पण संगीत क्विन्सी जोन्सचं, तेव्हाच्या हॉलिवूडमधल्या मोजक्या काळ्या संगीतकारांपैकी एक. ते गाणं काही चुकीचं नव्हतं, चूक वडिलांच्या शब्दांची.

जॉन वेन बघायचाच नाही का मग?

बघा. पण १९७१ च्या मासिकातल्या मुलाखतीत त्याने काळे 'जबाबदार' होईपर्यंत गोऱ्यांचं वर्चस्व असावं आणि इंडियनांनी जमीन स्वार्थीपणाने स्वतःकडे ठेवायला बघितली, असं म्हटलं होतं, हेही ठाऊक असू द्या. नट म्हणून तो ईथनला आतून ओळखत होता, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

जाहिरातीत अश्रू ढाळणारा तो म्हातारा इंडियन तरी खरा होता ना?

आयर्न आइज कोडी. प्रदूषणाविरुद्धच्या १९७१ च्या जाहिरातीमुळे जगभर पोचलेला चेहरा, शेकड्याने वेस्टर्न केलेले. आईबाप सिसिलीचे, जन्म लुइझियानाचा, मूळ नाव एस्पेरा डी कोर्ती. १९९६ मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं. त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मूलनिवासी बायकोबरोबर संसार केला, मूलनिवासी मुलं दत्तक घेतली. त्याला ढोंगी म्हणावं तर तोंड पूर्ण वळत नाही. पण त्याच दिवसांत जे सिल्व्हरहील्स लॉस एंजेलिसमध्ये मूलनिवासी नटांसाठी कार्यशाळा चालवत होता, कारण खऱ्यांना काम मिळत नव्हतं.

१९७० नंतर सुधारलं का?

थोडं. 'लिटल बिग मॅन' (१९७०) मध्ये चीफ डॅन जॉर्ज या खऱ्या मूलनिवासी नटाला शायॅन म्हाताऱ्याची भूमिका मिळाली आणि ऑस्करचं नामांकनही. त्या म्हाताऱ्याला विनोदबुद्धी आहे. मरायला डोंगरावर जाऊन पडतो, पाऊस येतो, मरण येत नाही, मग उठून घरी जेवायला निघतो. पन्नास वर्षं मूलनिवासी पात्रांना शहाणपण आणि क्रौर्य भरपूर मिळालं होतं, विनोद मिळाला नव्हता.

काळा नट सिडनी पॉइटिएने 'बक अँड द प्रीचर' (१९७२) स्वतः दिग्दर्शित केला: पश्चिमेकडे निघालेले मुक्त गुलाम आणि त्यांना परत पिटाळणारे भाडोत्री गोरे. मला फार आवडतो. पण त्यातही मूलनिवासी टोळीनायक झालाय मेक्सिकन नट एनरिके लुसेरो, आणि त्याची बायको म्हणजे सहनट हॅरी बेलाफोंटेची खरी, गोरी बायको. एकाने दार उघडलं म्हणून दुसऱ्यासाठी ते आपोआप उघडत नाही. मेल ब्रुक्सने 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) मध्ये याचीच टर उडवली: त्याचा सू जमातीचा टोळीनायक यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलतो.

'डान्सेस विथ वूल्व्ज' (१९९०) मध्ये पात्रं खरोखर लकोटा बोलतात, खाली इंग्रजी पट्टी. लकोटात बाई आणि पुरुष बोलताना काही शब्दरूपं वेगळी वापरतात. नटांना शिकवायला होत्या एक लकोटा बाई, आणि शिकायला सोपं जावं म्हणून तो भेद गाळला गेला. लकोटा नेते रसेल मीन्स यांनी नंतर खिल्ली उडवली की यातले काही योद्धे बायकांसारखे बोलतात. 'मी जाते, मी येते' म्हणणारा सरदार डोळ्यासमोर आणा. तरीसुद्धा, १९५० च्या 'ते आपल्याच भाषेत बोलतील'पासून इथवर यायला चाळीस वर्षं लागली.

कुठून सुरुवात करू?

'हाय नून', मग 'द सर्चर्स', मग 'लिबर्टी व्हॅलन्स', मग 'बक अँड द प्रीचर'. 'द डॉटर ऑफ डॉन' सर्वात शेवटी, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी काय शक्य होतं ते कळून नीट चिडता येईल.

मूलनिवासी लोक स्वतः हे सिनेमे बघतात का?

बघतात, आणि लहानपणी काउबॉयच्याच बाजूने टाळ्या वाजवायचो असं त्यांच्यातले कित्येक जण सांगतात. नवाहो नेशनच्या संग्रहालयाने पुढाकार घेऊन आधी 'स्टार वॉर्स' नवाहोत आणला, मग 'फाइंडिंग नीमो', आणि २०२१ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'. जपानी सिनेमावरून उचललेली गोष्ट, दिग्दर्शक इटालियन, चित्रीकरण स्पेनमध्ये, देश मेक्सिको म्हणून दाखवलेला, आणि आता सगळे नवाहो बोलतात. नवाहो नेशनची राजधानी विंडो रॉकला पहिला खेळ झाला. क्लिंट ईस्टवुडच्या वाट्याला मुळात संवाद कमी, त्यामुळे त्याला आवाज देणाऱ्याचं काम त्या मानाने सोपं गेलं असावं.